एका स्फटिकाचे पाते

जस्ताचा मुलामा दिलेला नवा कोरा पत्रा किंवा जस्ती बादली तुम्ही कधी निरखून पाहिली आहे का? तिच्यावर करड्या-रुपेरी रंगाची फुलाफुलांची नक्षी दिसते. ही नक्षी कोणी काढलेली नसते. वितळलेले जस्त गोठू लागले की अनेक ठिकाणी एकाच वेळी स्फटिक वाढू लागतात आणि जेथे ते एकमेकांना भिडतात तेथे सीमारेषा उमटते. एकेक फूल म्हणजे एकेक स्फटिक. त्याच्यातील अणूंच्या रांगा एका दिशेने, तर शेजारच्या स्फटिकातील रांगा भलत्याच दिशेने! तांबे, लोखंड, पितळ हेही असेच असंख्य स्फटिककणांचे बनलेले असतात. ते कण फार बारीक असल्याने एरवी दिसत नाहीत, इतकेच.

आता अशा एका वस्तूकडे वळू, जिच्यात अशी एकही सीमारेषा चालत नाही. ती वस्तू म्हणजे जेट एंजिनातील टर्बाइनचे पाते.

आधुनिक एंजिनात ज्वलनकक्षातून येणारा वायू १,५०० अंश सेल्सिअसपेक्षाही अधिक तापलेला असतो. शुद्ध निकेल १,४५५ अंशांना वितळते आणि पात्याचा निकेल मिश्रधातू तर त्याच्याही आधी. म्हणजे हे पाते आपल्या वितळणबिंदूहून अधिक तप्त अशा झोतात उभे असते! ते टिकते, कारण ते आतून पोकळ असून त्यातून हवा खेळवलेली असते (ही 'गार' हवासुद्धा काहीशे अंश तापलेली असते) आणि वरून सिरॅमिकचा लेप असतो. तरीही धातूचे तापमान हजार अंशांच्या आसपास जातेच.

त्यात भर म्हणजे ताण. समजा, ३०० ग्रॅम वस्तुमानाचे पाते ३० सेंटिमीटर त्रिज्येवर मिनिटाला १०,००० फेरे घेत आहे. वस्तुमान, कोनीय वेगाचा वर्ग आणि त्रिज्या यांचा गुणाकार करून पाहा. उत्तर सुमारे ९९,००० न्यूटन येईल. मूठभर पात्याला जणू दहा टनांचे ओझे टांगलेले!

असा ताण सतत राहिला की तप्त धातू न तुटता हळूहळू लांबत जातो. या क्रियेला विसर्पण म्हणतात. पाते जरासे लांबले तरी भोवतालच्या कवचाला घासेल. येथेच कणसीमा घात करतात. एरवी धातूचे कण जितके बारीक तितका तो बळकट, असे आपण शिकवतो आणि सामान्य तापमानाला ते खरेही आहे. एका कणातील अणूंच्या थरांची घसरण सीमेपाशी अडते. पण खूप तापल्यावर त्याच सीमांवरून अणू सहज सरकू लागतात, शेजारचे कण एकमेकांवरून घसरतात आणि शेवटी सीमेवरच चीर पडते. नियम पाठ करताना तो कोणत्या तापमानाला लागू आहे हेही विचारावे, ते यासाठी!

अमेरिकेतील प्रॅट अँड व्हिटनी या कंपनीत १९६०च्या दशकात फ्रान्सिस व्हरस्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला. प्रथम त्यांनी सर्व कण पात्याच्या लांबीच्या दिशेने उभे वाढवले, म्हणजे ताणाला आडव्या सीमा उरल्या नाहीत. पुढची पायरी म्हणजे सीमाच नकोत! एकस्फटिक पाती १९८२ साली जेटी९डी-७आर४ या एंजिनातून प्रवासी विमानांत आली.

असे पाते ओततात कसे? आपल्याकडे चोळकालीन कांस्यमूर्ती ओतत, त्याच मेणाच्या रीतीने. मेणाचे पाते करून ते सिरॅमिकच्या राबड्यात पुन्हापुन्हा बुडवतात, वाळवतात आणि मग मेण वितळवून काढून टाकतात. उरलेला पोकळ साचा भट्टीत पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या चकतीवर उभा करतात आणि निर्वात अवस्थेत त्यात रस ओततात. गोठणे खालून, चकतीपासून सुरू होते. तेथे असंख्य स्फटिक जन्मतात व वर वाढण्याची चढाओढ लागते. ज्यांची अनुकूल दिशा नेमकी उभी असते ते तिरप्यांना मागे टाकतात. त्यांच्यापुढे येते एक अरुंद, पीळदार नळी. कारखान्यात तिला 'डुकराची शेपटी' म्हणतात. तिच्या वळणांतून एकच स्फटिक पार होतो आणि मग तोच वरचे सारे पाते भरून टाकतो. साचा भट्टीतून मिनिटाला जेमतेम तीन-चार मिलिमीटर या गतीने खाली उतरवतात. घाई केली की मध्येच दुसरा स्फटिक जन्मलाच म्हणून समजा.

ओतकाम झाले म्हणजे अर्धेच काम झाले. या मिश्रधातूचे बळ त्याच्यातील निकेल आणि ॲल्युमिनियम यांच्या सूक्ष्म घनाकृती कणांत असते. हे कण मूळ स्फटिकाच्या जाळीशी जुळून बसलेले असल्याने त्यांच्यामुळे कणसीमा निर्माण होत नाही. त्यांचा एक विलक्षण गुण असा, की सुमारे ८०० अंशांपर्यंत तापमानाबरोबर त्यांचे बळ वाढत जाते! पण ओतलेल्या पात्यात ते ओबडधोबड व विषम असतात. म्हणून पाते १,३०० अंशांच्या आसपास काही तास ठेवून ते कण पूर्ण विरघळवतात, जसे आई पाकात साखर विरघळवते. मग पाते झटपट थंड करतात आणि पुढे सुमारे १,१०० व ८७० अंशांना कित्येक तास तापवून कण पुन्हा हवे तसे वाढवतात. शेवटी सुमारे अर्ध्या मायक्रॉनचे घन शेजारीशेजारी रचले जातात. पात्याचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग त्यांनीच व्यापलेला असतो.

येथे ओतकाम आणि उष्णता संस्करण यांची गाठ पडते. बहुस्फटिक पात्यात कणसीमा बळकट करण्यासाठी कार्बन, बोरॉन, झिर्कोनियम घालावे लागतात, आणि त्यांच्यामुळे धातू लवकर वितळू लागतो. साहजिकच घन पूर्ण विरघळण्याइतके तापवताच येत नाही. सीमाच नाहीत म्हटल्यावर ही द्रव्ये जवळजवळ वगळता येतात. माझ्या मते एकस्फटिकाचा हा फायदा सीमा जाण्याइतकाच मोठा आहे. तरीही विरघळणे आणि वितळणे यांत काही थोड्या अंशांचेच अंतर असते, म्हणून तापमान टप्प्याटप्प्याने चढवतात.

भारतात हे तंत्र हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्रीय संशोधन प्रयोगशाळेने विकसित केले. तेथे बनलेली ६० एकस्फटिक पाती हेलिकॉप्टरच्या एंजिनासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिल्याचे २०२१ साली जाहीर झाले.

तयार पाते आम्लाने उजळले की दुसरा कण असल्यास जस्ती बादलीवरच्यासारखी सीमारेषा उमटते. स्फटिकाची दिशा क्ष-किरणांनी तपासतात. एक दोष मात्र ओतल्याबरोबर दिसत नाही. साच्याचे कवच फोडताना हातोडीचा एखादा जोराचा घाव पात्याला बसला, तर तेथील अणूंच्या रांगा किंचित विस्कटतात. वरून पाते निर्दोष दिसते. पण १,३०० अंशांच्या भट्टीत गेल्यावर नेमक्या त्याच जागी नवे स्फटिककण उगवतात, आणि ते पाते बाद होते.