खंजिरावरील नाव कोणाचे?

समजा, जर्मन नौदलाच्या एका अधिकाऱ्याला भेट मिळालेला जुना खंजीर तुमच्या हाती आला. पात्यावर 'जे. के.' ही दोनच आद्याक्षरे आणि '१९१२' हे साल कोरलेले आहे. तो मूळचा कोणाचा, हे कसे ओळखाल?

प्रथम मूठ पाहू. तिच्या टोकावर राजमुकुट असेल तर ते टोक १९१८ पूर्वीच्या, कैसरच्या नौदलाचे. पुढे मुकुटाऐवजी ज्योतीच्या आकाराचे टोक आले आणि १९३८ साली स्वस्तिक धरलेला गरुड आला. पण घाई नको! हे टोक काढून दुसरे बसवता येते आणि अनेक अधिकाऱ्यांनी तसे केलेही. म्हणून १९१२ च्या पात्यावर गरुड दिसला, तरी खंजीर खोटा ठरत नाही. कदाचित त्याचा मालक दोन्ही काळांत नोकरीत असेल, किंवा खंजीर मुलाकडे गेला असेल.

आता अक्षरे भिंगाखाली धरा. पात्यावरील जहाजे, नांगर ही नक्षी आम्लाने कोरलेली असते. तिचा तळ उथळ व खरबरीत दिसतो. हत्याराने कोरलेल्या अक्षराची खाच मात्र स्वच्छ कापलेली असते. जुना ओरखडा अक्षरापाशी येऊन तुटला असेल, तर अक्षर ओरखड्यानंतरचे! प्रसिद्ध माणसाच्या नावाने किंमत वाढते, म्हणून अशी नावे मागाहून कोरली जातात.

अक्षरे खरी वाटली, तर कागदपत्रांकडे वळायचे. कैसरच्या नौदलातील अधिकाऱ्यांच्या याद्या दरवर्षी छापल्या जात. त्यांतून 'के'ची आडनावे काढा. जुन्या जर्मन वळणात मोठा 'आय' आणि मोठा 'जे' सारखेच दिसत, म्हणून पहिले नाव दोन्ही अक्षरांनी तपासा. पॉट्सडॅम येथील भूदलाचे दप्तर १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. नौदलाचे दप्तर मात्र बरेचसे वाचले. ते आज फ्रायबुर्ग येथील लष्करी अभिलेखागारात आहे.

इतके करूनही तीन नावे उरली तर? तर 'या तिघांपैकी एक' एवढेच उत्तर लिहावे. आवडते नाव निवडले, तर एकाला मिळालेला मान आपण दुसऱ्याला देऊन बसू.

घरातल्या जुन्या भांड्यावरील नाव आजच भिंगाखाली पाहा. नाव आधीचे की ओरखडे?