आधी दुपार ठरली, मग धडा

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. कल्पना जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन वर्गात बसल्या. त्यांचे फोटो जगभर फिरले. मला मात्र त्या रंगापेक्षा वेळेचं कौतुक वाटतं: दुपारी दोन ते चार. तोवर चूलभांडी आवरलेली असतात, रानातली कामंही उरकलेली असतात.

ऑनलाइन कोर्स रचायला बसणाऱ्यानं सुरुवात इथूनच करावी. शिकणारा कधी मोकळा असतो आणि शिकून त्याला काय करायचंय? आज्यांना अंगठा उठवण्याऐवजी सही करायची होती, पोथी वाचायची होती. हेतू इतका नेमका असला, की पहिला धडा कुठला हे शोधत बसावं लागत नाही.

एरवी होतं असं, की वर्गातलं तासाभराचं व्याख्यान कॅमेऱ्यापुढे म्हणायचं, चढवायचं, झाला कोर्स! संशोधक फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या कोर्समधली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, बघणाऱ्यांचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. म्हणून आता जो तो व्हिडिओची खांडोळी करतो. पण कंटाळवाण्या तासाचे दहा तुकडे केले तर दहा कंटाळवाणे तुकडेच हाती येतात.

खरी मेख तुकड्यांच्या मधल्या जागेत आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी कागद बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवणारे. आपले पाढे म्हणवून घेणारे गुरुजी हेच करत होते, फक्त छडीसकट. छडी वगळून तसा आठवायला लावणारा प्रश्न व्हिडिओनंतर ठेवावा, आणि तोच पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावा. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन कोर्सच्या मंचावर व्हिडिओ आणि वाचनसाहित्याच्या जोडीला स्वयंचाचणी आणि चर्चा हे भाग ठेवलेत ते उगाच नव्हे. चर्चेकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही, असा माझा अनुभव.

मुरबाड-शहापूर भागातल्या मुलांपर्यंत कोर्स पोचवायचा, तर गणित आणखी वेगळं. दिवाळी झाली की कित्येक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, पोरंही सोबत जातात. घरात फोन एकच, तोही बापाच्या खिशात. पाड्यावर रेंज मिळाली तर मिळाली. ‘दीक्षा’ ॲपवरचा धडा उतरवून घेता येतो आणि इंटरनेटशिवाय चालतो. इथल्या पालकाला ही सोय सुंदर ॲनिमेशनपेक्षा मोलाची. २०२० च्या टाळेबंदीत ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सह्याद्री वाहिनीवरून आली, म्हणजे स्मार्टफोन नसलेल्या घरातही टीव्हीवर पोचू शकली. आधी माध्यम ठरवून मग शिकणारा शोधला असता, तर ही वाट सुचली नसती.

मुदतीचंही तसंच. जुलैत आवणी चालू असते, पोरगी आईबरोबर चिखलात रोपं लावत असते आणि इकडे चाचणीची तारीख उलटून जाते. पडद्यावर तिच्या नावापुढे ‘अपूर्ण’ एवढंच दिसतं. तीच तारीख गौरी-गणपतीपर्यंत पुढे सरकवायला रचनाकाराला दोन मिनिटंही लागत नाहीत.