स्किझोफ्रेनिया: बरं वाटू लागलेला रुग्ण पुन्हा रुग्णालयात का जातो?

रुग्णालयातून घरी आलेला माणूस आता शांत झोपतो, वेळेवर जेवतो, कानात येणारे आवाजही थांबलेत. दोन-तीन महिने असेच जातात आणि घरात कुणीतरी विचारतं, 'आता बरं आहे ना, मग गोळ्या कशाला?' स्किझोफ्रेनियाच्या कित्येक रुग्णांना पुन्हा अॅडमिट करण्याची वेळ येते, त्याची सुरुवात याच प्रश्नापासून झालेली असते.

गोळ्या बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, खरी गोम इथे आहे. आजार उलटायला काही आठवडे, कधी कधी कित्येक महिने लागतात. मधल्या काळात 'औषधाशिवायही चाललंय की' अशी सगळ्यांची खात्री पटते. मग आधी झोप उडते, माणूस एकटा बसू लागतो, शेजाऱ्यांवर संशय घेतो. तोवर गोळ्या कधी थांबवल्या होत्या, हे घरच्यांच्या लक्षातही नसतं.

आकडे काय सांगतात?

'द लॅन्सेट'मध्ये २०१२ साली ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास साडेसहा हजार रुग्ण होते. औषध सुरू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला. औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ६४ टक्के होतं. पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण होतं अनुक्रमे १० आणि २६ टक्के.

यातला २७ हा आकडाही विसरू नये. औषध घेऊनही आजार उलटू शकतो. त्यामुळे 'तूच गोळ्या चुकवल्या असशील' असा आरोप करणं दर वेळी बरोबर नसतं.

गोळ्या का सुटतात?

फिनलंडमध्ये स्किझोफ्रेनियासाठी पहिल्यांदाच दाखल झालेल्या २,५८८ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या ३० दिवसांत त्यातल्या फक्त ५८ टक्के रुग्णांनी औषध वापरलं. सुरुवातीचे उपचार ३० दिवस किंवा त्याहून जास्त सुरू ठेवणारे निम्म्याहून कमी, ४६ टक्के होते. सरकारी आरोग्यव्यवस्था भक्कम असलेल्या देशातली ही गत.

याला हट्टीपणा म्हणणं सोपं आहे. पण 'मला आजारच नाही' असं वाटणं हा बहुतेकदा आजाराचाच भाग असतो. शिवाय वजन वाढतं, दिवसभर गुंगी राहते, हात थरथरतात, एका जागी बसवत नाही. हे त्रास खरे असतात. ते सांगितले तर डॉक्टर डोस किंवा औषध बदलू शकतात. न सांगता औषध बंद केलं, की तो मार्गच राहत नाही.

एक पर्याय दोन ते चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचा आहे. फिनलंडच्या याच अभ्यासात, त्याच औषधाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या तुलनेत इंजेक्शन घेणाऱ्यांना पुन्हा दाखल व्हावं लागण्याचा धोका साधारण एक तृतीयांश होता. अर्थात, कुणाला गोळी आणि कुणाला इंजेक्शन हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, त्यामुळे सगळं श्रेय इंजेक्शनला देता येणार नाही. एक फायदा मात्र साधा आहे. चुकलेली गोळी कुणाला कळत नाही, चुकलेली इंजेक्शनची तारीख लगेच कळते. भारतात फ्लुफेनाझिनसारखी जुनी इंजेक्शनंही वापरली जातात.

दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसा काळ देऊनही फरक पडला नाही, तर क्लोझापिनचा विचार होतो. त्याने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात, म्हणून नियमित रक्ततपासणी करावी लागते.

घरच्या वातावरणाचं काय?

लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि सहकाऱ्यांना १९५० च्या दशकात एक विचित्र गोष्ट दिसली. रुग्णालयातून आई-वडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्या पुरुषांची स्थिती, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडत होती. सततची टीका, चीड आणि अति काळजी यांचा आजार उलटण्याशी संबंध असल्याचं पुढच्या संशोधनात दिसलं. घरच्यांमुळे स्किझोफ्रेनिया होतो, असा याचा अर्थ नाही. पण 'किती झोपतोस, कामाला लाग' हे प्रेमापोटी रोज ऐकवलेलं वाक्यही रुग्णाला जड जाऊ शकतं.

डिस्चार्जच्या वेळी काय विचारायचं?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९८ नुसार, रुग्णाला घरी सोडताना पुढच्या उपचारांबद्दल त्याच्याशी आणि तो ज्यांच्याकडे राहणार आहे त्यांच्याशी डॉक्टरांनी चर्चा करणं अपेक्षित आहे. म्हणजे पुढची तारीख कोणती, गोळी चुकली तर काय करायचं, या रुग्णात आजार उलटण्याची पहिली खूण कोणती, हे विचारायला संकोच करू नये. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर 'टेलि मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आणि २४ तास सुरू असतो.