मोकळे केस, गुंता आणि जट

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील बहुतेक माध्यमिक शाळांत सकाळच्या प्रार्थनेला मुलींच्या रांगा पाहिल्या, तर दोन वेण्या आणि वर बांधलेल्या रिबिनी दिसतात. दहावी होऊन कनिष्ठ महाविद्यालयात नाव घातले, की त्यांच्यापैकीच अनेकींचे केस पाठीवर मोकळे दिसू लागतात. मग घरी आणि वर्गात एकच वाक्य ऐकू येते : "केस मोकळे सोडू नका, खराब होतात." खराब होतात म्हणजे नेमके काय होते आणि बांधल्याने ते का टळते, असे एखादीने उलट विचारले तर उत्तर सहसा मिळत नाही. शाळेच्या शिस्तीचा मुद्दा आपण बाजूला ठेवू, तो विज्ञानाचा नाही. खराब होण्याचा मुद्दा मात्र विज्ञानाचा आहे.

केस डोक्यावर वाढतो तो त्वचेच्या आतल्या मुळाशी. त्वचेच्या बाहेर आलेला भाग जिवंत नसतो. त्यात रक्त नाही, पेशींची दुरुस्ती नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत आलेल्या ७५ सेंटिमीटर केसाचे टोक सहा वर्षांहून जुने असते. आठवड्यातून दोनदा न्हाणे धरले, तर त्या टोकाने सहाशेहून अधिक वेळा पाणी, साबण, टॉवेल आणि कंगवा सोसलेला असतो. मुळाजवळचा भाग नवा कोरा आणि टोक सहा वर्षे वापरलेले, अशी ही वस्तू आहे. लांब केस जपणे म्हणजे त्या जुन्या टोकाची झीज कमी करणे. झिजलेला केस पुन्हा 'पोसला' जातो असे सांगणाऱ्या जाहिरातींकडे म्हणूनच दुर्लक्ष करावे.

ही झीज कुठे होते? केसाचा गाभा केराटिन या प्रथिनाच्या तंतूंचा असतो, आणि त्यावर कौलांसारखे एकावर एक चढलेले खवल्यांचे सहा ते दहा थर असतात. एकेका खवल्याची जाडी सुमारे अर्धा मायक्रॉन. खवल्यांची मोकळी कड नेहमी टोकाच्या दिशेला असते. सर्वांत बाहेर मेदाम्लाचा एक अतिशय पातळ थर खवल्यांना रासायनिक बंधाने जोडलेला असतो. केस गुळगुळीत लागतात आणि त्यांवरून पाणी ओघळते ते त्याच्यामुळे. हा थर तीव्र अल्कलीने किंवा केसांचा रंग उडवणाऱ्या रसायनांनी एकदा निघून गेला, की परत येत नाही.

खवले वर्गात दाखवणे अवघड नाही. काचपट्टीवर बिनरंगी नखपॉलिशचा पातळ थर द्यावा, ओला असतानाच त्यावर एक केस ठेवावा आणि पॉलिश वाळल्यावर केस अलगद ओढून काढावा. मागे राहिलेला ठसा शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली शंभर ते चारशे पट मोठा करून पाहिला, की खवल्यांच्या कडा दिसतात. मुळाजवळचा आणि टोकाजवळचा ठसा शेजारी ठेवून मुलींनाच फरक शोधायला सांगावे.

दुसरा प्रयोग याहून सोपा आणि आमच्या मते याहून मोलाचा आहे. एक लांब केस अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरावा आणि बोटे केसाच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे चोळावीत. दोन्ही बाजूंना सारखेच चोळले तरी केस एकाच दिशेने सरकत जातो, आणि ती दिशा मुळाची असते. केस उलटा धरला तर तो उलट्या दिशेने सरकतो. मुळाकडून टोकाकडे बोट फिरवले तर कौलांवरून पाणी वाहावे तसे ते घसरते. टोकाकडून मुळाकडे फिरवले तर खवल्यांच्या कडा अडवतात. केसाला पुढे जाता येते, पण मागे येता येत नाही. धनगरांच्या घोंगडीची लोकर गरम पाण्यात चोळून धुतली तर आटते आणि घट्ट बसते, त्यामागेही हेच आहे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर असेच खवले असतात.

आता मोकळे केस डोळ्यांसमोर आणा. सुमारे एक लाख तंतू, प्रत्येक एकमार्गी. वाऱ्याने, ओढणीच्या आणि बसच्या आसनाच्या घासण्याने ते एकमेकांवर आडवे पडतात. आडवा आलेला केस शेजाऱ्यात शिरतो आणि परत फिरू शकत नाही. हाच गुंता. फ्रान्समधील भौतिकशास्त्रज्ञ जाँ-बाप्तीस्त मासों यांनी २००७ साली केशकर्तनकारांकडून गिऱ्हाइकांच्या डोक्यांतील गुंते मोजून घेतले. कुरळ्या केसांत गुंता जास्त, असे आपण धरून चालतो. मोजणीत उलटे निघाले : सरळ केसांत सरासरी ५.३ गुंते, कुरळ्यांत २.९. त्यांनी दिलेले कारण असे, की कुरळे केस एकमेकांना अधिक वेळा स्पर्श करतात, पण ते लहान कोनात भेटतात. सरळ केस कमी वेळा भेटतात, पण भेटतात ते मोठ्या कोनात, आणि गुंता होतो तो मोठ्या कोनामुळे.

वेणीचे रहस्यही या कोनातच आहे. वेणीत केस जवळजवळ समांतर राहतात. त्यासाठी ती घट्ट असण्याची किंवा डोक्यावर बांधलेली असण्याची काहीच गरज नाही. उलट घट्ट बांधण्याचा स्वतःचा एक तोटा आहे. रोज त्याच जागी ताण बसत राहिला तर कपाळावरचे आणि कानांजवळचे केस विरळ होतात, आणि वर्षानुवर्षे तसेच चालले तर तिथली मुळे कायमची निकामी होतात. रिबिनी ओढून बांधण्याचा आग्रह धरणाऱ्या शाळांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

शिरूर आणि दौंड हा पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा, पर्जन्यछायेतला भाग. एक गाव घोड नदीकाठी, दुसरे भीमेकाठी. पण नद्या असल्या तरी मार्च-एप्रिलमधली हवा कोरडी ठणठणीत असते. केस हवेतली आर्द्रता घेतो आणि सोडतो. या गुणाचा उपयोग करून स्विस शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी मानवी केसाचा आर्द्रतामापक बनवला आणि त्याविषयीचा ग्रंथ १७८३ साली प्रसिद्ध केला. अगदी कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेल्यास केस सुमारे दोन ते अडीच टक्के लांबतो. कोरड्या हवेत घर्षणाने आलेला विद्युत्‌भार निघून जात नाही, म्हणून कंगवा फिरवताच केस एकमेकांपासून दूर पळतात आणि आडवेतिडवे होतात. त्यात रस्त्याची आणि शेताची धूळ, म्हणजे बारीक दगडी कण खवल्यांवर घासत राहतात.

पाण्याविषयी मात्र थोडे सावधपणे बोलायला हवे. विंधन विहिरीच्या जड पाण्याने केस गळतात असे सर्रास सांगितले जाते. भारतात जड पाण्यात आणि शुद्ध पाण्यात ठेवलेल्या केसांची तुलना करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केसांच्या ताणबलात लक्षणीय फरक आढळला नाही. बदलतो तो पृष्ठभाग. पाण्यातले कॅल्शियम साबणाशी संयोग पावून चिकट, न विरघळणारा साका बनतो आणि तो केसावर बसला की केस राठ लागतो. एका बाटलीत साठवलेले पावसाचे पाणी आणि दुसरीत विंधन विहिरीचे पाणी घेऊन, दोन्हींत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवावे. नंतर तेच रिठ्याच्या पाण्याने करावे. रिठा आणि शिकेकाई यांच्यातली फेस आणणारी द्रव्ये साबण नाहीत, त्यामुळे ती कॅल्शियमशी असा साका करत नाहीत. शांपूचेही तसेच. अंगाचा किंवा कपड्यांचा साबण डोक्याला लावणे तेवढे टाळावे, कारण तो अल्कधर्मीही असतो.

तेलाच्या बाबतीत आजीचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे निघाले. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील ए. एस. रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. धुताना आणि विंचरताना केसातून निघून जाणारे प्रथिन फक्त खोबरेल तेलाने लक्षणीय कमी झाले. ही कंपनी खोबरेल तेल विकते हे ध्यानात ठेवूनच हे वाचावे. परंतु त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचे रेणू आखूड आणि सरळ साखळीचे असल्याने ते केसाच्या आत शिरतात, आणि २००१ साली हे शिरणे उपकरणांनी पाहिलेही गेले होते. भिजल्यावर केस जाडीत सुमारे पंधरा टक्के फुगतो आणि खवले उचलले जातात. आत तेल असेल तर पाणी कमी शिरते आणि फुगणेही कमी होते. म्हणून तेल न्हाण्याच्या आधी, शक्यतो आदल्या रात्री लावावे. तेल लावून धुळीत मोकळे केस घेऊन हिंडण्यात फायदा नाही, कारण त्यावर धूळ चिकटते.

तेव्हा जिला केस वर बांधायला आवडत नाहीत तिने काय करावे? झोपताना सैल वेणी घालावी, कारण उशीवर कूस बदलताना होणारे घर्षण तासन्‌तास चालते. दौंडहून रोज रेल्वेने पुण्याला जाणारीने किंवा नगर रस्त्यावरून दुचाकीने येणारीने प्रवासापुरते केस सैल गुंफून टोके स्कार्फच्या किंवा सदऱ्याच्या आत घ्यावीत आणि पोहोचल्यावर खुशाल सोडावेत. दुपारच्या उन्हातही स्कार्फ हवाच, कारण अतिनील किरण केराटिनमधले गंधकाचे बंध तोडतात. ओले केस टॉवेलने खसाखसा पुसू नयेत, दाबून टिपावेत. विंचरताना टोकापासून सुरुवात करून हळूहळू वर जावे. वरून सुरुवात केली तर सगळे लहान गुंते खाली ढकलले जाऊन त्यांची एक घट्ट गाठ बनते, आणि तीही नेमकी सर्वांत जुन्या भागात. सरळ केस बरेचसे वाळल्यावर विंचरावेत. कुरळे केस ओले आणि निसरडे असताना जाड दातांच्या कंगव्याने विंचरणे बरे.

एका ठिकाणी मोकळ्या केसांची बाजू आम्ही घेणार नाही. मळणी यंत्र, रसवंतीचा चरक, कार्यशाळेतले लेथ, पाण्याच्या इंजिनाचा पट्टा आणि प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा यांच्याजवळ केस बांधून, झाकून घेतलेच पाहिजेत आणि ओढणी खोचलीच पाहिजे. एक केस सुमारे शंभर ग्रॅम वजन पेलतो. फिरत्या दांड्याभोवती काही हजार केस गुंडाळले गेले तर ते तुटण्याआधी डोक्याची त्वचा निघून येते.

गुंत्याच्या या एकमार्गी गणिताचे दुसरे टोक आपल्या जिल्ह्यात शिक्षकांना कधी तरी भेटते. ते म्हणजे जट. लांब तापात, बाळंतपणानंतर, मानसिक आजारात किंवा डोक्यात उवा-खरूज झाल्यावर काही आठवडे केस विंचरले गेले नाहीत, की त्यांत लोकरीसारखा गोळा जमतो. पुष्कळ घरांत ती यल्लम्माची किंवा अन्य देवतेची खूण मानली जाते. मग कंगवा आणि कात्री दोन्ही वर्ज्य होतात. 'जट वाढते' असे म्हणतात, तेही खरेच आहे. रोज पन्नास ते शंभर केस स्वाभाविकपणे गळतात. विंचरणाऱ्या बाईचे ते कंगव्यात येतात, न विंचरणारीचे जटेतच अडकून राहतात. सहा महिन्यांत ही संख्या नऊ ते अठरा हजारांवर जाते. वाढीचे कारण एवढेच. त्यात घाम, तेल आणि धूळ मिसळते, वजन वाढून मान दुखते, आत जखमा चिघळतात. काही मुलींना जटेच्या नावाखाली देवीला वाहिले गेले आहे.

पोलंडमध्येही जट कापली तर अंधत्व किंवा वेड येते अशी समजूत होती. एकोणिसाव्या शतकात क्रॅकोचे डॉक्टर योझेफ डिट्ल, जे १८६६ साली त्या शहराचे महापौर झाले, तिच्याविरुद्ध लढले. आपल्याकडे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातील कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी शंभरावर स्त्रियांच्या जटा काढल्या आहेत. दौंड तालुक्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभे केले, त्या काळी विधवांचे केस बळजबरीने काढले जात. इथे ते बळजबरीने ठेवले जातात.

वर्गातल्या एखाद्या मुलीच्या डोक्यात असा गोळा दिसला तर तिला सगळ्यांसमोर विचारू नये. आई किंवा आजीला बोलावून बोटांच्या चिमटीतल्या केसाचा प्रयोग त्यांच्याच हाताने करून घ्यावा. गोळा नवा आणि लहान असेल तर भरपूर खोबरेल तेल लावून, टोकाकडून सुरुवात करून, बोटांनी केस एकेक करून सोडवता येतात. एका बैठकीत होत नाही, दोन-तीन दिवस लागतात. आत जखम किंवा उवा असतील तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. फार जुनी जट सुटत नाही, ती त्वचेपासून बोटभर अंतर ठेवून कापावी लागते. नंतरच्या महिन्यात तिथे एक सेंटिमीटर नवा केस आलेला असतो.