पाळी चुकण्याआधीची गोळी

आमच्या जऊळक्यातल्या गटाच्या बैठकीत एक सून बोलता बोलता रडायला लागली. तिचं पहिलं बाळ पाठीवर उघडी गाठ घेऊन जन्मलं आणि गेलं. घरचे म्हणतात, हिनं ग्रहणात विळी हातात घेतली. तेव्हाच आम्ही ठरवलं, ही गाठ कशी होते ते रेडिओवर नीट सांगायचं.

बाळाचा मेंदू आणि पाठीतला मज्जारज्जू सुरुवातीला लाटलेल्या पोळीसारखा सपाट असतो. मग त्याच्या दोन्ही कडा वर उचलतात, एकमेकींकडे झुकतात, जुळतात आणि नळी तयार होते. पहिला सांधा मानेजवळ बसतो. तिथून नळी डोक्याकडे आणि कमरेकडे मिटत जाते.

पण पोळीची सुरळी आपोआप होत नाही, हात लावावा लागतो. इथं हात लावतात ते शेजारचे थर. पट्टीखाली एक बारीक दोरी असते, ती मधोमध कुठं दुमडायचं ते ठरवते. बाजूचा मऊ थर खालून भरत जातो आणि डोक्याकडच्या कडांना आधार देतो. पुढं ज्याची कातडी होणार, तो थर दोन्ही बाजूंनी आत रेटतो आणि कडा भेटल्या की वरून सांधला जातो. शास्त्रज्ञांनी हे कोंबडीच्या अंड्यातल्या पिलात आणि उंदराच्या गर्भात पाहिलं आहे. हे काम कुठं अडलं, तर नळी उघडी राहू शकते. डोक्याकडे उघडी राहिली तर बाळ वाचत नाही. पाठीकडे राहिली तर पाय लुळे पडू शकतात, लघवी-संडासावर ताबा राहत नाही.

हे सगळं गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत उरकतं. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे! आपण नाव नोंदवायला जातो तोवर नळी मिटलेली असते, नाहीतर उघडी राहिलेली असते.

एवढ्या घाईत सगळ्याच थरांना नव्या पेशी लागतात आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड लागतं. त्याचा माग आपल्या मुंबईत लागला. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणी कामगार गरोदर बायांचा रक्तक्षय अभ्यासायला आली. यीस्टच्या अर्कानं त्या बाया सुधारल्या. त्यातला गुणकारी घटक म्हणजे हेच जीवनसत्त्व, हे पुढं कळलं. १९९१ साली सात देशांतल्या पाहणीत दिसलं, की आधी असं बाळ झालेल्या बायांनी गर्भ राहण्याआधीपासून ही गोळी घेतली, तर पुन्हा तसं होण्याचा धोका जवळपास पाऊण भागानं घटतो.

म्हणून मूल हवं असं ठरलं, की निदान एक महिना आधीपासून ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्या आणि गर्भ राहिल्यावर पहिले तीन महिने चालू ठेवा. आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा. आधी असं बाळ झालं असेल, मिरगीची गोळी चालू असेल किंवा साखरेचा आजार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. त्यांचा डोस वेगळा असू शकतो. पालक, मेथी, हरभरा, मूग खाच, पण भाजी फार शिजवू नका. नुसत्या भाजीवर विसंबून गोळी सोडू नका.

गोळी घेऊनही क्वचित असं होतं. त्यात कोणाचा दोष नसतो. विळीचा नाही, ग्रहणाचा नाही आणि सुनेचा तर मुळीच नाही. सासूबाईंनो, लग्न होऊन आलेल्या सुनेला हे तुम्हीच सांगा. नळीला शेजारच्या थरांचा आधार लागतो, तसा तिला तुमचा लागतो.