चाल जुनी, शब्द नवे : नांदेड-लातूरच्या गाण्यांनी लढ्यांची आठवण कशी जपली?

रझाकारांचा काळ असो की नामांतराचे दिवस, मराठवाड्यात वर्तमानपत्र पोहोचायच्या आधी गाणे पोहोचत होते. गोंधळ, पोवाडा, ओवी आणि कव्वाली यांच्यातून निषेध कसा घडला, त्याची ही गोष्ट.

दरवर्षी १४ जानेवारीला घराघरांत संक्रांतीचा तिळगूळ वाटला जात असतो, तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटसमोर गर्दीचा पूर येतो. नांदेड, लातूर, परभणी, बीडहून माणसे येतात. पांढरी वस्त्रे, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल आणि जागोजागी उभारलेले मंच. या मंचांवर भाषणे होतात, पण माणसे थांबतात ती गाण्यांपाशी. हार्मोनिअम, ढोलकी, हाताशी एक माईक. गायक एखादे नाव घेतो, एखाद्या गावाचा उल्लेख करतो आणि समोरच्या गर्दीतले चेहरे बदलतात.

त्या नावांमध्ये नांदेड जिल्ह्याची नावे वारंवार येतात. पोचिराम कांबळे. जनार्दन मवाडे. गौतम वाघमारे. आजच्या कॉलेजच्या मुलांपैकी अनेकांना ही नावे पाठ्यपुस्तकातून कळलेली नाहीत. ती गाण्यातून कळली.

गाण्याला हे काम का करावे लागले?

नामांतर : १६ वर्षांचा लढा

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ मध्ये झाली. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला. त्यानंतर लगेच मराठवाड्यात दंगली उसळल्या. गावागावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड होता.

याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्ट १९७८ रोजी पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ते मातंग समाजाचे होते. 'जय भीम' म्हणणे त्यांनी सोडले नाही, अशी त्यांची आठवण आजही सांगितली आणि गायली जाते. सुगावचे जनार्दन मवाडे यांनाही याच काळात जीव गमवावा लागला.

पुढच्या वर्षी जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँगमार्च निघाला. मोर्चे, तुरुंगवास, लाठीमार असे करत वर्षे गेली. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतराच्या मागणीसाठी आत्मदहन केले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला.

यात एक विलक्षण योगायोग आहे. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडमध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड-लातूरची महाविद्यालये त्याला जोडली गेली. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी नांदेडच्या माणसांनी जीव दिला, त्याच्याशी या जिल्ह्याचे प्रशासकीय नाते काही महिन्यांतच संपले. गाण्यातले नाते मात्र टिकले.

शाहीर काय करत होते?

या १६ वर्षांत आंदोलनाची यंत्रणा साधी होती. मोबाइल नव्हते, पैसा नव्हता. गावात सभा लावायची तर आधी माणसे गोळा व्हायला हवीत आणि माणसे गोळा होत ती गाण्याला. एखाद्या गावात अत्याचार झाला की त्यावर गाणे रचले जाई. पुढच्या गावात ते गायले जाई. तिथला कुणी ते वहीत उतरवून घेई आणि तिसऱ्या गावात म्हणे.

या लढ्यातले मोठे नाव बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्याचे शाहीर आत्माराम साळवे (१९५३-१९९१) यांचे. त्यांनी नामांतरासाठी मराठवाडा पायाखाली घातला. त्यांच्या गाण्यांमुळे पोलिसांनी त्यांच्यावर गुन्हे दाखल केले. नामविस्तार झालेला त्यांना पाहता आला नाही. त्याच्या तीन वर्षे आधीच ते गेले.

दुसरे नाव वामनदादा कर्डक यांचे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ मध्ये जन्मलेले वामनदादा २००४ मध्ये गेले, तोपर्यंत ते खेडोपाडी फिरत राहिले. 'वाटचाल', 'मोहळ' असे त्यांचे संग्रह छापले गेले. पण त्यांची गाणी छापील पुस्तकापेक्षा गायन पार्ट्यांमधूनच जास्त पसरली. मराठवाड्यातल्या कितीतरी वस्त्यांमध्ये भीमजयंतीचा कार्यक्रम वामनदादांच्या गाण्याशिवाय पुरा होत नाही.

त्याआधी : निजामाच्या राज्यात

गाण्याचा हा वापर १९७८ मध्ये सुरू झाला असे नाही. नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा हे दोन्ही भाग हैदराबाद संस्थानात होते. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा झाला १९८२ मध्ये.) सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. सभा घ्यायची तर परवानगी लागे. त्यासाठीच्या 'गश्ती ५३' या फर्मानाची आठवण मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात वारंवार येते.

राजकीय सभेला बंदी, पण भजनाला बंदी नाही. गणेशोत्सवातल्या मेळ्याला, कीर्तनाला, गोंधळाला सहसा हरकत नव्हती. त्यामुळे देशाची गोष्ट देवाच्या मांडवातून सांगितली जाऊ लागली. कीर्तनकाराने रावण म्हणावे आणि श्रोत्यांनी काय ते समजून घ्यावे, असा तो काळ होता.

त्या दिवसांत नांदेड जिल्ह्यात लढा तीव्र होता. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बिलोलीजवळ अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. जानेवारी १९४८ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली. उदगीरजवळचे हत्तीबेट हे सशस्त्र गटांच्या आश्रयाचे ठिकाण होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. आज मुक्तिसंग्राम दिनाला शाळांमध्ये या प्रसंगांवरचे पोवाडे होतात.

पोवाडाच का? गोंधळच का?

याचे पहिले उत्तर चालीत आहे. लोकगीताची चाल ऐकणाऱ्याला आधीच येत असते. नवे शिकायचे असतात ते फक्त शब्द. त्यामुळे एका रात्रीत रचलेले गाणे दुसऱ्या दिवशी दहा जणांच्या तोंडी असते. निरक्षर माणूसही ते पाठ करू शकतो. पत्रक जप्त करता येते, पाठ झालेले गाणे जप्त करता येत नाही.

दुसरे उत्तर रचनेत आहे. प्रत्येक प्रकाराचे स्वतःचे काम आहे :

पोवाडा : डफ, तुणतुणे, झांज. शाहीर घटना सांगतो, मागचे झीलकरी साथ देतात. मध्येच गाणे थांबवून शाहीर गद्यात बोलतो. बातमी आणि तिचा अर्थ, दोन्ही एकाच बैठकीत मिळतात.

गोंधळ : संबळ, तुणतुणे आणि पेटती दिवटी. माहूरची रेणुकामाता नांदेड जिल्ह्यातलीच, त्यामुळे हा प्रकार इथे घराघरात ठाऊक. देवीला आवाहन करायच्या ठिकाणी शाहीर लोकांना किंवा महापुरुषांना आवाहन करतो.

वाघ्या-मुरळी : लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबा यात्रा ही या कलावंतांची मोठी जागा. यात्रेत तमाशाचे फडही येतात. सोंगाड्याच्या तोंडून पाटलाची, सावकाराची, पुढाऱ्याची खिल्ली उडते आणि ज्यांची उडते तेही समोर बसून हसतात.

कव्वाली : निजामी मुलखात दर्गे आणि उरूस जुने. कंधारचा दर्गा याच जिल्ह्यातला. कव्वालीचा ठेका इथल्या कानांना परका नव्हता. आंबेडकरी गायकांनी तो उचलला आणि दोन पार्ट्यांचे सवाल-जवाबाचे सामने रात्र-रात्र रंगू लागले.

हलगी : मातंग समाजाचे हे वाद्य पूर्वी गावकीच्या कामाला वाजे. कुणाच्या तरी हुकमावरून वाजवायची हलगी मोर्चाच्या पुढे स्वतःच्या मर्जीने वाजू लागली, यातच मोठा बदल आहे.

ही वाट कुणी पाडली?

महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि त्यांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. पुढे सत्यशोधक जलसे सुरू झाले. तमाशाचा सांगाडा तोच, पण आतला माल वेगळा : भटशाही, सावकारी, शिक्षण. नाशिकच्या भीमराव कर्डक यांच्यासारख्या कलावंतांनी पुढे आंबेडकरी जलसा उभा केला. गौळणीतल्या छेडछाडीच्या जागी मुलांना शाळेत घाला, मेलेली गुरे ओढू नका, पाण्यावर हक्क सांगा हे विषय आले.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे 'लाल बावटा कलापथक' उभे राहिले. अण्णाभाऊंनी विरहाची छक्कड घेतली आणि तिच्यातून संयुक्त महाराष्ट्राची मागणी मांडली. ऐकणाऱ्याला ती आधी घर सोडून मुंबईत आलेल्या कामगाराची व्यथा वाटते. राजकारण नंतर लक्षात येते आणि म्हणूनच ते आत उतरते. आज १ ऑगस्टला नांदेड-लातूरच्या गावागावांत अण्णाभाऊंची जयंती होते, तेव्हा हीच परंपरा पुन्हा रस्त्यावर येते.

बायकांचा आवाज कुठे आहे?

मंचावर बहुतेक पुरुष दिसतात. बायकांचे गाणे जात्यावर होते. पहाटेच्या दळणाच्या ओव्यांत सासर-माहेर येते, तसे आंबेडकरही येतात. समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात माजलगावच्या वस्तीत गायलेल्या भीमराव आणि रमाबाईंवरच्या ओव्या आहेत. हे गाणे सभेसाठी नव्हते. ते घरात, अंधारात, कुणी ऐकत नसताना म्हटले जाई. पण बाबासाहेबांना घरातला माणूस मानणारी पिढी घडली ती या ओव्यांनी. मंचावरच्या गाण्याला टाळी मिळण्याआधी त्याची जमीन जात्यावर तयार झाली होती. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली आणि ओवीही थांबली.

गाणे नेहमी शहाणेच असते का?

नाही. चालीला स्वतःची बाजू नसते. जी चाल अन्यायाविरुद्ध उभी राहते, तीच शेजाऱ्याविरुद्धही वापरता येते. अलीकडे आरक्षणाच्या प्रश्नावर मराठवाड्यात एका बाजूची गाणी आली, लगेच दुसऱ्या बाजूचीही आली. डीजेच्या भिंतीवर वाजणारे गाणे अनेकदा फक्त आव्हान देते, प्रश्न विचारत नाही.

फरक ओळखायची एक साधी खूण आहे. जुना शाहीर गाण्यात गाव, माणूस आणि घटना सांगायचा. अन्याय कोणावर झाला, कुठे झाला, काय मागायचे आहे हे त्यात असे. ते गेले की उरतो तो नुसता जोर.

आता काय धोक्यात आहे?

नामांतराच्या काळातली बरीच गाणी कधीच छापली गेली नाहीत. ती वह्यांमध्ये आहेत, ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटींवर आहेत आणि ज्यांनी ती गायली त्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या डोक्यात आहेत. वही वाळवीने खाल्ली, कॅसेटची फीत चिकटली, गायक गेला की गाणे गेले. त्याबरोबर एखाद्या गावात काय घडले याची साक्षही गेली, कारण अनेक गावांत दुसरी साक्ष लिहिलीच गेली नव्हती.

दुसरीकडे परंपरा थांबलेली नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हाच त्या शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. आज एखादी मुलगी मोबाइलवर गाणे रेकॉर्ड करते आणि तासाभरात ते हजारोंपर्यंत जाते. पोहोचण्याचा प्रश्न सुटला. टिकण्याचा सुटलेला नाही.

त्याला उपाय फार मोठा नाही. गावात कुणी जुना गायक असेल तर त्याच्या घरी जावे, मोबाइल समोर ठेवावा आणि गाणे म्हणायला सांगावे. गाणे संपल्यावर रेकॉर्डिंग बंद करू नये. कुणावर रचले, कोणत्या साली, कोणत्या गावात पहिल्यांदा म्हटले, हे विचारावे. गाण्याइतकीच ती उत्तरे मोलाची आहेत. पोचिराम कांबळे कोण होते हे विचारणारा मुलगा पुढच्या १४ जानेवारीलाही गेटसमोर उभा असेल. त्याला उत्तर द्यायला कुणीतरी असायला हवे.