पाणबुड्याचे पडसे

गेल्या दिवाळीत आमच्या घरची लहानथोर चौदा माणसे मालवणास जाऊन आली. जुन्नर-आंबेगावाकडील माणसांस पाणी काही नवे नाही. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे ही धरणे जुन्नर तालुक्यात, आणि घोड नदीवरील डिंभे आंबेगावात; किंबहुना ज्या गावावरून त्या तालुक्यास नाव पडले, ते जुने आंबेगावच आज डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. परंतु आमचे पाणी काठावर बसून पाहावयाचे. पाण्याच्या पोटात शिरून मासे व प्रवाळ पाहण्याची सोय मालवणास आहे, असे मुलांनी कोठूनसे ऐकले, आणि पुढे तीन महिने घरात दुसरा विषय निघाला नाही.

ह्या प्रकारास स्कूबा म्हणतात. पाठीवर दाबलेल्या हवेचे नळकांडे बांधावयाचे, त्याची नळी तोंडात धरावयाची, आणि माशाच्या मुलखात माशाप्रमाणे हिंडावयाचे. 1943 साली कुस्तो आणि गान्यां ह्या दोन फ्रेंच गृहस्थांनी मागेल तेवढीच हवा देणारी झडप सिद्ध केली, तेव्हापासून ही विद्या सर्वांच्या आवाक्यात आली. मालवणास जो प्रकार चालतो तो हौशी माणसांसाठी आहे. पोहता न येणाऱ्यासही वीस-पंचवीस फूट खाली नेतात, कारण एक स्थानिक तरुण त्यास सारा वेळ धरून असतो. हा तरुण म्हणजे ह्या लेखाचा नायक होय.

आमच्यापैकी पाण्यात उतरावयाचे ठरले ते तिघांचे; त्यांत माझा अकरा वर्षांचा पुतण्या. बहुतेक शिक्षणसंस्था दहा वर्षांखालील मुलास उतरवू नये असे सांगतात, तेव्हा तो नियमात जेमतेम बसत होता. आजींचा विरोध होता. परंतु त्यांनी तो गणपतीस नारळ बोलण्यापुरताच ठेवला. खरी अडचण उभी केली ती थोरल्या काकांनी. काका पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. धरणाच्या पातळीची नोंद तीस वर्षे स्वहस्ते ठेवलेला मनुष्य. कागद वाचल्याशिवाय सही करावयाची नाही, हा त्यांचा बाणा. नावेत बसण्यापूर्वी एक छापील कागद आमच्या हाती आला. दमा आहे काय, हृदयविकार आहे काय, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे काय, सध्या सर्दी-पडसे आहे काय, अशी प्रश्नावली त्यावर होती. काकांनी चष्मा पुसून तो अथपासून इतिपर्यंत वाचला आणि सर्व रकान्यांत ‘नाही’ लिहवून घेतले. तेवढ्यात मुलास न्यावयास आलेला तरुण बोलू लागला. बावीस-तेवीस वर्षांचा, तरतरीत. पण नाक चोंदलेले आणि आवाज घोगरा.

काका म्हणाले, “अरे बाळा, हा कागद तू भरला आहेस का?”

तो हसला. “तो पाहुण्यांसाठी असतो, काका.”

“तुला पडसे झाले आहे.”

“दोन दिवस झाले. त्यात काय? पाण्यात गेले की मोकळे होते.”

“दिवसाकाठी किती वेळा खाली जातोस?”

ह्यावर त्याने आपल्या बोलीतच उत्तर दिले, “सीझनात मोजूक येळ कोणाक गावता?” आणि मग आमच्यासाठी जोडले, “आठ होतात. कधी दहा.”

वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल की काका उगाच काथ्याकूट करीत होते. मलाही तेव्हा तसेच वाटले. घरी आल्यावर ह्या विषयावर जे वाचावयास मिळाले, त्यावरून मात्र त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले होते असे दिसून आले.

पाण्यात दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस फूट खाली गेले की शरीराच्या पोकळ्यांतील हवा आकसून सुमारे तीन-पंचमांश उरते. कानाच्या पडद्याआड जी हवा असते ती घशाकडे उघडणाऱ्या एका बारीक नळीने भरून काढावी लागते. म्हणूनच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावयास शिकवितात. पडशाने ही नळी सुजते. मग खाली जाताना पडदा आत दाबला जातो, आणि औषध घेऊन कशीबशी नळी उघडली व खाली असताना ती पुन्हा मिटली, तर वर येताना कोंडलेली हवा फुगून कान व कपाळ ठणकू लागते. पडदा फाटून थंड पाणी आत शिरल्यास भोवळ येते. ही भोवळ ज्याला यावयाची, त्याच्याच हातात आमच्या मुलाचा दंड असावयाचा होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दाबातील फरक सर्वांत झपाट्याने होतो तो तळाशी नव्हे, तर पृष्ठभागाजवळच्या पहिल्या काही मीटरांत. म्हणून ‘आमचे पाणी उथळ आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. खोल बुडीत रक्तामध्ये नायट्रोजन साठण्याचे जे भय असते, ते मालवणच्या उथळ पाण्यात थोडे, हे खरे. परंतु दिवसातून आठ-दहा वेळा खालवर करणाऱ्याच्या कानांस, फुप्फुसांस आणि अंगातील उष्णतेस उथळपणा फारशी सवलत देत नाही. पाहुणा एकदाच जातो. गाईड दिवसभर जातो.

आता नियमांकडे वळू. नियम नाहीत असे कोणी म्हणू नये. उलट एका नावेवर इतक्या खात्यांची नजर आहे की मोजताना बोटे अपुरी पडावीत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे 29 चौरस किलोमीटरांचा टापू 1987 सालापासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा वन खाते आले. कठीण प्रवाळास वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्यामुळे त्याचा तुकडा तोडून खिशात घालणे हा गुन्हा आहे; आमच्या मुलांस हे नावेतच बजावले गेले, ही समाधानाची गोष्ट. नावेची नोंदणी, तिच्यावरील माणसांची संख्या, लाइफ जॅकेटे हा महाराष्ट्र सागरी मंडळाचा प्रांत. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट सरेपर्यंत जलक्रीडा बंद ठेवतात, तेही ह्याच व्यवस्थेत. शिवाय 24 ऑगस्ट 2021 च्या शासननिर्णयाने महाराष्ट्राने साहसी पर्यटनाचे धोरण ठरविले. जमीन, पाणी व आकाश ह्या तिन्ही ठिकाणी असा धंदा करणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी असा त्याचा आशय आहे. आणि ह्या सर्वांवर जिल्हाधिकारी आहेतच.

इतके असूनही 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी एक नाव उलटली आणि दोन पर्यटकांस प्राण गमवावे लागले. जुन्नरच्या पेठेतही ती बातमी बरेच दिवस बोलली जात होती. हे मृत्यू खोल पाण्यात, प्रवाळांमध्ये घडले नाहीत. बुडी आटोपून घरी निघालेल्या माणसांवर किनाऱ्याजवळ ती वेळ आली. तेव्हापासून पाहुणे नावेविषयी चौकशी करू लागले आहेत, लाइफ जॅकेट मागून घेतात. चौकशी सुरू होण्यास अपघात घडावा लागतो, ही आपली जुनी खोड आहे.

गाईडच्या बाबतीत तो शिकलेला असावा, हे सर्वत्र सांगितले जाते. मालवणास त्याची सोयही बरी झाली आहे. तारकर्लीस पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा-शिक्षणाची संस्था आहे, आणि सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील जैवविविधतेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने जो प्रकल्प झाला, त्यातही कोळ्या-गाबितांच्या मुलांस हे काम शिकविण्यात आले. जाळे ओढणाऱ्याच्या मुलास ह्या समुद्रातच दुसरा रोजगार मिळाला, ही थोडी गोष्ट नव्हे. परंतु शिकलेला मनुष्य आज बरा आहे काय, थकला आहे काय, ही आजची त्याची कितवी बुडी, हे किनाऱ्यावर कोणी विचारताना आम्हांला दिसले नाही. आमच्या प्रकृतीची चौकशी करणारा छापील कागद होता. त्याच्या प्रकृतीची चौकशी करणारा नव्हता.

वास्तविक दाबाखालील शास्त्राचा सारा पाया अशा कामगारांच्या देहावरच रचला गेला आहे. अमेरिकेत सेंट लुई येथे मिसिसिपी नदीवर ईड्स नावाच्या स्थापत्यज्ञाने 1870 च्या सुमारास पूल बांधावयास घेतला. दाबलेल्या हवेच्या पेटीत बसून नदीचा तळ खणणारे डझनभराहून अधिक मजूर वर आल्यावर दगावले. तेथील डॉक्टर जॅमिनेट स्वतः खाली जाऊन घाईने वर आले आणि लुळे पडले. सुदैवाने पुढे बरे झाले. मजुरांच्या पाळ्या अतिशय आखूड झाल्या त्या ह्या अनुभवानंतर. पुढे 1908 साली हॉल्डेन ह्या शास्त्रज्ञाने ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग करून वर येण्याची कोष्टके तयार केली, आणि त्यांच्याच वंशातील हिशेब आज हौशी लोकांच्या मनगटावरील यंत्रात असतात. शेळ्यांचे नाव निदान ग्रंथांत राहिले.

ब्रिटनमध्ये 1997 साली कामानिमित्त बुडी मारणाऱ्यांसाठी नियम झाले. त्यांत हौशी लोकांस शिकविणारा पगारी शिक्षकही येतो. त्याची वैद्यकीय तपासणी बारा महिन्यांहून जुनी चालत नाही. त्याहून मला मोलाचे वाटते ते दुसरे कलम: आपणांस आजार अथवा अन्य काही अपात्रता आहे हे ठाऊक असताना कोणी बुडी मारू नये, असे ते खुद्द पाणबुड्यास बजावते. म्हणजे पडसे झालेल्या माणसाने ‘आज मी जात नाही’ म्हणणे हा तेथे आळस नसून कायद्याचे पालन ठरते. हे वाक्य मालकासमोर उच्चारावयास कायद्याचा आधार लागतो. आपल्या मुलास तो आहे काय?

आमच्या काकांनी त्या तरुणास पाण्यात उतरू दिले नाही. म्हणजे आपल्या पुतण्याबरोबर उतरू दिले नाही. एवढाच अधिकार त्यांच्या हाती होता. त्यांचे म्हणणे नाव चालविणाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले, आणि दुसरा गाईड पाण्यातून येईपर्यंत थांबावे लागेल असे सांगितले. आम्ही पाऊण तास थांबलो. उन्हात हेलकावणाऱ्या नावेत पाऊण तास म्हणजे काय, ते वहिनींना विचारावे. त्या पहिल्या दहा मिनिटांतच लिंबू हुंगू लागल्या होत्या. परंतु खरे अवघडलेपण निराळेच होते. त्या मुलास पैसे मिळत ते बुडीमागे. काकांनी त्याचे भले केले, आणि त्याच कृतीने त्याची एका बुडीची मिळकत बुडाली. तो रागावला नाही. नावेच्या टोकाशी पाठ करून बसला. काकांनी खिशातून नोट काढून पुढे केली, तेव्हा त्याने मान हलविली. “न केलेल्या कामाचे नको, काका.” ह्यावर काका निरुत्तर झाले. तीस वर्षांत मी त्यांना फार वेळा निरुत्तर पाहिलेले नाही.

हे सारे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण आमच्या गावाशीच निगडित आहे. जुन्नर तालुक्यास 2018 साली शासनाने विशेष पर्यटनक्षेत्राचा दर्जा दिला. शिवनेरी, नाणेघाट, लेणी ह्यांच्या जोडीस आता धरणांचे पाणीही पर्यटकांस दाखवावे, जलक्रीडा सुरू कराव्यात, असे मनोरथ अधूनमधून ऐकू येतात. त्यात वाईट काही नाही. मात्र मालवणची नक्कल येथे जशीच्या तशी उतरावयाची नाही. आमचे जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहेत. तीनशे मीटरांच्या वर बुडीची कोष्टकेच निराळी धरावी लागतात, कारण वरच्या हवेचा दाब मुळातच कमी. पावसाळी गाळाने हातभर अंतरावरचेही दिसत नाही, आणि तळाशी प्रवाळ नसून बुडालेल्या गावांच्या भिंती व झाडांचे बुंधे आहेत. नौकांपुरते पाहिले तर 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आला आहे, त्यात नोंदणी, तपासणी, विमा सर्व आहे. परंतु नोकरीस राहणार कोण? ज्यांची शेते डिंभ्यात गेली आणि जे आज त्याच पाण्यात मासे धरतात, त्या आदिवासी घरांतील पोरेच राहणार. त्यांस बुडीमागे पैसे द्यावयाचे की महिन्याचा पगार, आजारपणाची रजा भरपगारी की कशी, हे पहिली नाव पाण्यात सोडण्यापूर्वी लिहून ठेवता येईल. मालवणास धंदा आधी आला व नियम मागून. येथे क्रम उलटा करावयास अजून अवकाश आहे. काकांनी ह्या आशयाचे पत्र लिहावयास घेतले आहे. त्यांच्या पद्धतीप्रमाणे त्याचा तिसरा कच्चा खर्डा सध्या चालू आहे.

पुतण्या अखेर दुसऱ्या गाईडबरोबर खाली गेला. वर आला तो ओठ निळसर, पण तोंडभर हसू. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचे वर्णन अद्यापि संपलेले नाही. तो पाण्यात असताना काका घड्याळ हातात धरून उभे होते. त्यांच्या खिशवहीत त्या दिवसाची नोंद मी नंतर पाहिली. धरणाच्या पातळीची लिहीत तशाच टाकाने लिहिलेली: उतरले 11 वाजून 40, वर आले 11 वाजून 58, दोघेही ठीक. त्याखाली आणखी एक ओळ होती: पहिला मुलगा 12 वाजून 10 मिनिटांनी दुसऱ्या कुटुंबाबरोबर उतरला.